प्रादेशिक विमान कंपनीतील पहिली नोकरी: पगार आणि अटी तोलताना या चुका टाळा

चिपीच्या सड्यावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला, आणि जानेवारी २०२३मध्ये गोव्यातील मोपा विमानतळाहून उड्डाणे सुरू झाली. तेव्हापासून कुडाळ, मालवण, सावंतवाडी या पट्ट्यातील मुलामुलींना वैमानिकाची नोकरी घराजवळची वाटू लागली आहे. प्रशिक्षणाचा खर्च मोठा असतो. अनेक घरांत त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढलेले असते, क्वचित कलमांची बागही तारण ठेवलेली असते. त्यामुळे २०० तासांचे उड्डाण पूर्ण करून व्यावसायिक परवाना हाती आला की पहिले नेमणूकपत्र मिळेपर्यंत धीर राहत नाही, आणि ते मिळाल्यावर त्यातील एका आकड्यावर बोट ठेवून होकार कळवला जातो. त्या आकड्याच्या आसपास काय लिहिले आहे, ते वाचण्यासाठी हा लेख आहे.

पगाराचा एकच आकडा पाहणे

को-पायलटच्या पगाराचे सर्वसाधारणपणे दोन भाग असतात. एक दरमहा ठरलेला, आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर मिळणारा. हे तास विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंत मोजले जातात. ड्युटी मात्र त्याच्या कितीतरी आधी, विमानतळावर हजेरी लावल्यापासून सुरू होते, आणि दोन उड्डाणांमध्ये विमान जमिनीवर उभे असते तो वेळही ड्युटीतच जातो, पण उड्डाणाच्या तासांत धरला जात नाही.

प्रादेशिक मार्गांवर हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. एटीआर ७२सारख्या सत्तरेक आसनांच्या विमानावर एका दिवसात एक तास दहा मिनिटांची चार उड्डाणे केली, तर उड्डाणाचे तास ४ तास ४० मिनिटे भरतात. मधले तीन थांबे प्रत्येकी ३५ मिनिटांचे, एक तास आधीची हजेरी आणि शेवटची २० मिनिटे धरली की ड्युटी पावणेआठ तासांची होते. तेवढेच ४ तास ४० मिनिटे दोन लांब उड्डाणांत भरणारा मोठ्या कंपनीतील वैमानिक, मधला थांबा ४५ मिनिटांचा धरला तरी, पावणेसात तासांत मोकळा होतो, आणि त्याच्या वाट्याला चारऐवजी दोनच उड्डाणे व दोनच अवतरणे येतात. म्हणून दोन नेमणूकपत्रांची तुलना करताना दिवसभराच्या उड्डाणभत्त्याला ड्युटीच्या तासांनी भागून पाहावे. ही आकडेमोड करायला एक संध्याकाळ पुरते, तरीही ती फारच थोडे जण करतात.

याहून महत्त्वाचा शब्द म्हणजे हमीचे तास, म्हणजेच उड्डाण झाले नाही तरी ज्यांचे पैसे मिळतात असे महिन्याचे किमान तास. कोकणात त्याचे मोल पावसाळ्यात कळते. जुलैत ढग सड्यावर इतके खाली उतरतात, की ठरलेल्या किमान उंचीपर्यंत येऊनही धावपट्टी दिसत नाही. मग विमान पुन्हा वर घ्यावे लागते, काही वेळ घिरट्या घालून वाट पाहिली जाते, आणि ढग न हटल्यास विमान मोपा किंवा दुसऱ्या विमानतळाकडे वळवले जाते. प्रवासी पुढे रस्त्याने जातात, परतीचे उड्डाण रद्द होते, आणि त्यापुढची उड्डाणेही कोलमडतात. वैमानिकाचा दिवस मात्र पूर्ण खर्ची पडलेला असतो.

हिशेब समजावा म्हणून दोन काल्पनिक पत्रे घेऊ. पहिल्यात ठरलेला पगार ९०,००० रुपये, ताशी १,५०० रुपये आणि हमी काहीच नाही. दुसऱ्यात ठरलेला पगार १,२०,००० रुपये, ताशी ९०० रुपये आणि ५० तासांची हमी. महिन्याला ७० तास उड्डाण झाले, तर पहिल्या पत्राचे १,९५,००० आणि दुसऱ्याचे १,८३,००० रुपये होतात, म्हणजे पहिले पत्र १२,००० रुपयांनी सरस दिसते. मुलाखतीत हाच ७० तासांचा महिना दाखवला जातो. पावसाने तास ३५वर आले, की पहिल्याचे १,४२,५०० रुपये होतात आणि दुसऱ्याचे हमीमुळे १,६५,००० रुपये मिळतात. कर्जाचा हप्ता चालू असलेल्या घराने दुसरे पत्रच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे तोंडी आश्वासनावर सोडू नये. वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या को-पायलटला गाठावे आणि त्याला जुलै आणि डिसेंबर या दोन महिन्यांत हातात नेमके किती आले, ते विचारावे. त्या दोन आकड्यांतून जे कळते, ते कंपनीच्या माहितीपत्रकातून कळत नाही.

बॉन्डवर न वाचता सही करणे

टाइप रेटिंगचा, म्हणजे विशिष्ट विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करते तेव्हा ती बहुधा काही वर्षांचा बॉन्ड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास ठरलेली रक्कम भरण्याचा करार, लिहून घेते. यात गैर काही नाही, कारण कंपनीचाही पैसा गुंतलेला असतो. चूक होते ती फक्त रक्कम आणि वर्षे पाहण्यात. बॉन्डची मुदत रुजू झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते, की लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवर प्रशिक्षकासोबतचे प्रशिक्षण, पूर्ण होऊन तुम्ही नियमित उड्डाणांसाठी मोकळे झाल्यापासून? मधल्या काळात सिम्युलेटरची पाळी, परीक्षकाची तारीख आणि कागदपत्रांची मंजुरी यांत महिने जाऊ शकतात, आणि मुदत उशिरा सुरू झाली तर दोन वर्षांचा बॉन्ड प्रत्यक्षात अडीच वर्षांचा होतो. याच काळात पूर्ण पगार मिळतो की केवळ विद्यावेतन, हेही पत्रात स्पष्ट असले पाहिजे. कर्जाचा हप्ता सुरू होण्याचा आणि पूर्ण पगार सुरू होण्याचा महिना एकच असेल असे गृहीत धरून चालणाऱ्या कुटुंबांची फार ओढाताण होते.

पुढचा प्रश्न असा की, बॉन्डची रक्कम दरमहा कमी होत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? कंपनीनेच कामावरून कमी केले, किंवा वैद्यकीय कारणाने उड्डाण थांबले, तर ती वसूल होते का? या दोन प्रसंगांत वसुली होणार नाही, असे वाक्य पत्रात नसेल तर ते लेखी मागून घ्यावे. कोऱ्या धनादेशावर सही करू नये आणि मूळ प्रमाणपत्रे कुणाच्या ताब्यात देऊ नयेत.

बॉन्ड आणि नोटिशीचा काळ यांचीही गल्लत होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७च्या नियमानुसार को-पायलटने सहा महिन्यांची आणि कॅप्टनने एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. बॉन्ड संपला तरी हा नियम लागू राहतो. त्यामुळे मोठ्या कंपनीचे बोलावणे आल्यावर महिन्याभरात निघता येईल, अशी समजूत करून घेऊ नये. शिवाय एटीआरचे रेटिंग एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ला चालत नाही. तिथे नवे रेटिंग घ्यावे लागते, आणि त्यासोबत नवा बॉन्डही येऊ शकतो.

बेस आणि घर यांत घोटाळा करणे

कंपनीची विमाने सिंधुदुर्गला येतात, म्हणजे आपला बेस, अर्थात जिथून ड्युटी सुरू होते तो नेमणुकीचा विमानतळ, सिंधुदुर्ग असेल, हा समज अनेकांचा असतो. फ्लाय९१ ही प्रादेशिक विमान कंपनी मोपाहून चालते, आणि मोपा बांदा-सावंतवाडीकडच्यांना खरोखरच जवळ आहे. तरीही को-पायलटची नेमणूक कोठे होईल आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे पत्रातच पाहावे. छोटी शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतील मार्गांना सरकारी साहाय्य तीन वर्षांपुरते असते, त्यामुळे एखाद्या मार्गाच्या भरवशावर घर भाड्याने घेण्याआधी त्या मार्गाची मुदत किती उरली आहे, ते विचारलेले बरे.

बेस हैदराबाद किंवा मुंबई असेल आणि सुट्टीत कुडाळला येऊन जाऊन राहायचा बेत असेल, तर प्रवासाचा हिशेब विश्रांतीतूनच वजा होतो. घरून बेसपर्यंत पोहोचण्याची जबाबदारी वैमानिकाची असते. १ जुलै २०२५पासून साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांची झाली, ही चांगली सुधारणा आहे. पण मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येने जाऊन-येऊन त्यातला मोठा भाग संपतो, आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्या आणखी सावकाश धावतात. गाडी दरडीमुळे अडकली आणि पहाटेची ड्युटी चुकली, तर नोंद वैमानिकाच्या नावावर होते. अर्धवट झोपेने कॉकपिटमध्ये बसणे त्याहून गंभीर आहे, कारण मागे सत्तरेक माणसे बसलेली असतात.

वर्षाला १,००० तासांची उड्डाणमर्यादा ही कमाल मर्यादा आहे. कंपनीचे नेहमीचे रोस्टर, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक, त्याच्या किती जवळ जाते, हे वेगळे विचारावे. रात्रीच्या ड्युटीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झाल्यानंतर, डिसेंबरात इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली आणि महासंचालनालयाला तात्पुरत्या सवलती द्याव्या लागल्या. वैमानिक पुरेसे नसतील, तर नियम कितीही चांगला असला तरी त्याचा ताण रोस्टरवर येतो. म्हणून कंपनीकडे एका विमानामागे वैमानिकांच्या किती जोड्या आहेत, हा प्रश्न मुलाखतीत संकोच न करता विचारावा. गणपतीतल्या सुट्टीबद्दलही तेव्हाच विचारावे. गर्दीच्या हंगामात रजा बहुतेकदा ज्येष्ठतेने मिळतात, आणि नव्या माणसाने पहिली काही वर्षे चतुर्थीला घरी पोहोचण्याचा शब्द कुणाला देऊ नये.

तासांची घाई

कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी १,५०० तास लागतात, आणि छोट्या उड्डाणांत ते सावकाश भरतात. तेवढ्यावरून टर्बोप्रॉपची, म्हणजे एटीआरसारख्या पंख्याच्या विमानावरची, नोकरी कमी प्रतीची मानणे मला चुकीचे वाटते. छोट्या विमानतळांवर, पावसात, वाऱ्यात रोज चार अवतरणे करणाऱ्याचा हात लवकर तयार होतो. कॅप्टनपदाबाबत मात्र ‘तीन वर्षांत’ अशा बोलण्यावर विसंबू नये. गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती जणांना बढती मिळाली आणि त्यांची सेवा किती झाली होती, ते विचारावे.

कंपनीची प्रकृती न पाहणे

जेट एअरवेज एप्रिल २०१९मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३मध्ये, आणि मधल्या काळात ट्रूजेटसारखी प्रादेशिक कंपनीही बंद पडली. पगार उशिरा होणे ही पहिली खूण असते. गेल्या सहा महिन्यांत पगार कोणत्या तारखेला झाला आणि भविष्यनिर्वाह निधी खात्यात जमा होतो का, एवढे तिथल्या कर्मचाऱ्यांकडून कळून घेता येते.

वैद्यकीय विम्याचा अर्थ चुकीचा लावणे

कुटुंबाचा आरोग्यविमा आणि परवाना गमावल्याचा विमा या वेगळ्या गोष्टी आहेत. वैमानिकाला दरवर्षी पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, आणि पाठीचा मणका, कान किंवा रक्तदाब यांपैकी कशानेही उड्डाण काही महिने थांबू शकते. कंपनीचा परवाना-विमा असेल, तर तो केवळ कायमच्या अपात्रतेसाठी आहे की तात्पुरत्या अपात्रतेसाठीही, पैसे किती महिन्यांनंतर सुरू होतात, आणि त्या काळात ठरलेला पगार चालू राहतो का, हे तीन मुद्दे पत्रात शोधावेत. ते नसतील तर असा विमा स्वतः घेण्याचा खर्च पगाराच्या आकड्यातून वजा करूनच दोन पत्रांची तुलना करावी, आणि बाग तारण असेल तर विम्याची रक्कम निदान उरलेल्या कर्जाइतकी ठेवावी.