सर्व्हर रूममध्ये केबल ओढण्याआधी

माणसं केबलचे बॉक्स घेऊन येण्याआधी रॅकचा आराखडा हातात हवा: कोणत्या यूवर (रॅकमधला उंचीचा एक कप्पा) स्विच, कुठे पॅच पॅनेल (केबल जिथे येऊन संपतात ती पोर्टची पट्टी), मागे पीडीयू (रॅकला वीज वाटणारी पट्टी) कुठे. नेटवर्कचा रॅक ८०० मिमी रुंदीचाच मागवा, खरेदी खातं कितीही कुरकुरलं तरी. ६०० च्या रॅकमध्ये उभ्या केबल मॅनेजरला जागाच राहत नाही आणि सगळा गुंता दारात येतो.

मग अंतरं. तांब्याची लिंक एकूण १०० मीटरची, त्यातली पक्की केबल ९०, उरलेले १० दोन्हीकडच्या पॅच कॉर्डचे (पॅनेल ते मशीन जोडणाऱ्या छोट्या केबल). कॅट ६ (तांब्याच्या केबलचा एक दर्जा) वर १० गिगाबिट फार तर ५५ मीटर धावतं. पुढे कॅट ६ए लागते. नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. रॅकमधून वर, ट्रेवरून वळसा, पलीकडे खाली असं टेप धरून मोजा. ६ए जाड असते, म्हणून ट्रे ४० टक्केच भरेल अशा हिशोबाने घ्या. गणितात ५० टक्के भरलेला ट्रे डोळ्यांना काठोकाठ दिसतो, कारण गोल केबलांमधल्या फटी गणितात धरलेल्या नसतात.

पॉवर एका बाजूने, डेटा दुसऱ्या. ए आणि बी फीडच्या (विजेच्या दोन स्वतंत्र लाइन) कॉर्ड दोन रंगांच्या. फायबरला स्वतंत्र डक्ट द्या, तांब्याच्या जुडग्याखाली ती दबू देऊ नका. फॉल्स फ्लोअरखालून (उचलून बसवलेल्या टाइलच्या जमिनीखालून) थंड हवा येत असेल तर केबल वरूनच न्या, आणि टाइल कापावीच लागली तर भोकाला ब्रश ग्रोमेट (ब्रशच्या केसांची चौकट, हवा गळू नये म्हणून) लावा. भिंतीतली भोकं फायरस्टॉपने बुजवा. त्याने आग अडते, पण उंदरांसाठी स्टीलची जाळीही लागतेच. (आणि खोलीत वडापाव नको, हे दारावर लिहा.)

लेबलं केबल ओढण्याआधी छापून तयार हवीत. दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक टोकावर दोन्हीकडचा पत्ता: रॅक, यू, पोर्ट. ‘मेल सर्व्हर’ असं लिहू नका. मशीन दोन-तीन वर्षांत बदलतं, पोर्ट तिथेच राहतो. लेबल प्लगपासून वीतभर अंतरावर, समोरून वाचता येईल असं चिकटवा. रात्री अडीचला लिंक पडते तेव्हा टॉर्च तोंडात धरून हेच वाचायचं असतं. पोर्टची शीट त्याच दिवशी भरून घ्या, ‘नंतर करू’ म्हटलं की ती राहतेच.

बांधायला वेल्क्रोच, झिप टाय कोणीतरी पक्कडीने आवळतो आणि आतल्या तारांच्या जोड्या दबतात. पीओईची (डेटाच्या केबलमधूनच वीज नेणाऱ्या केबलांची) जुडगी २४ केबलांपुढे नकोत, आतल्या केबल तापतात. वळणाची त्रिज्या तांब्याला केबलच्या व्यासाच्या किमान चौपट, फायबरला दहापट. फायबर जोडण्याआधी टोक स्कोपमधून (छोटी सूक्ष्मदर्शी) पाहायचं आणि क्लिनर पेनने (टोक पुसायचं पेनासारखं साधन) पुसायचं, नवं कोरं असलं तरी.

शेवटी केबल तपासायला टेस्टर, आणि पॅच कॉर्ड. कॉर्ड १, २, ३ मीटर अशा मिसळून मागवा. सगळ्या ३ मीटरच्या आल्या तर उरलेली लांबी रॅकच्या मागे कोंबली जाते.