अमेरिकेतल्या शाळेतली लॉकडाउन ड्रिल: मुलांनी ती धास्ती घेऊ नये म्हणून

अमेरिकेत शाळेत मूल असलं की लॉकडाउन ड्रिल, म्हणजे शाळेत हल्लेखोर शिरला तर काय करायचं याचा सराव, चुकत नाही. न्यू जर्सीत दर महिन्याला एक फायर ड्रिल आणि एक सिक्युरिटी ड्रिल कायद्यानेच ठरलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये वर्षाच्या १२ ड्रिलपैकी ४ लॉकडाउनच्या असतात. पुण्या-नाशिकात शिकलेल्या आईबापांनी असलं काही पाहिलेलं नसतं. त्यामुळे पोरगं घरी येऊन "आज आम्ही अंधारात बसलो होतो" म्हणालं की काय बोलावं तेच सुचत नाही. वर्षाच्या मध्यात भारतातून आलेल्या मुलाची पंचाईत तर आणखी मोठी: स्पीकरवरची घोषणा त्याला नीट कळत नाही आणि बाकीचा वर्ग एकदम गप्प झालेला दिसतो.

आधी हे समजून घ्या की ड्रिल-ड्रिलमध्ये फरक असतो. साधी लॉकडाउन ड्रिल म्हणजे दार लावणं, दिवे बंद करणं, दारातून दिसणार नाही अशा भिंतीशी बसणं. ती सहसा काही मिनिटांत उरकते. दुसरा प्रकार नाटकाचा: खोटा गोळीबार, बंदूकधाऱ्याचं सोंग, कधी आधी न सांगता. जानेवारी २०१९ मध्ये इंडियानातल्या मॉन्टिसेलोत प्रशिक्षणाच्या नावाखाली शिक्षकांना गुडघ्यांवर बसवून त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडल्या गेल्या. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०२० मध्ये असल्या प्रकारांना, विशेषतः मुलांना फसवून घेतलेल्या ड्रिलला, स्पष्ट विरोध केला. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी ११४ शाळांभोवतीच्या सोशल मीडिया पोस्ट ड्रिलच्या आधी आणि नंतर ९०-९० दिवस तपासल्या, तेव्हा चिंता आणि ताणाच्या खुणा ४२ टक्क्यांनी, नैराश्याच्या ३९ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. त्या पोस्ट पालकांच्या आणि शिक्षकांच्याही होत्या, त्यामुळे हे आकडे एकट्या मुलांचे म्हणून वापरू नयेत. पण रोख कळतो. भीती घातल्याने मूल जास्त शिकत नाही. ड्रिल जितकी कंटाळवाणी, तितकी चांगली.

तुमच्या शाळेची ड्रिल कोणत्या प्रकारची आहे, हे शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ईमेलने विचारा. पत्र प्रिन्सिपलला, प्रत काउन्सेलरला. फोनवर विचारलं तर "सगळं वयानुसार करतो" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारायचं ते असं: पद्धत कोणती, स्टँडर्ड रिस्पॉन्स प्रोटोकॉल की अ‍ॅलिस? (या शाळांत वापरल्या जाणाऱ्या दोन ठरावीक पद्धती. पहिलीत पाच ठरलेल्या शब्दांवर काय करायचं ते शिकवतात. अ‍ॅलिसमध्ये हल्लेखोराचा प्रतिकार करण्याचा भाग आहे, तो कोणत्या इयत्तेपासून शिकवतात ते विचारा.) ही ड्रिल आहे, असं घोषणेतच सांगतात का? गोळीबाराचे आवाज किंवा सोंग असतं का? पालकांना कधी कळवतात? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: मूल त्या वेळी बाथरूममध्ये असेल तर त्याने काय करायचं? हा शेवटचा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. पण लहान मुलांच्या मनात नेमका तोच घोळतो, आणि मग शाळेत बाथरूमला जाणंच बंद होतं.

कायदा तुमच्या बाजूने असू शकतो. न्यू जर्सीत २०२२ पासून "ही फक्त ड्रिल आहे, धोका नाही" असं मुलांना स्पष्ट सांगावं लागतं, त्यांना बळीची भूमिका करायला लावता येत नाही, आणि त्याच दिवशी शाळा सुटेपर्यंत पालकांना लेखी कळवावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये पालकांना आधी कळवणं बंधनकारक आहे. वॉशिंग्टन राज्याने सोंगाच्या ड्रिलवर २०२२ मध्ये बंदी घातली.

मुलाला सांगताना पाच मिनिटं पुरतात. लहान मुलाला आदल्या दिवशी सांगा. आठवडाभर आधी सांगितलं तर तो आठवडाभर तेच चघळतो. झोपायच्या वेळी हा विषय नको. दुसरीपर्यंतच्या मुलाजवळ बंदुकीचा उल्लेख स्वतःहून करायची गरज नाही. "शाळेत नको असलेला माणूस आला तर टीचर दार लावतात आणि आपण गप्प बसतो. उद्या त्याचा फक्त सराव आहे," एवढं बास. मग प्रत्यक्ष काय घडेल ते क्रमाने सांगा: टीचर दाराच्या काचेवर कागद किंवा पडदा ओढतील, खोलीत अंधार होईल, कुणी हसलं तर टीचर डोळे वटारतील. आणि बाहेरून कुणीतरी दाराची मूठ खडखडवेल. ते प्रिन्सिपल किंवा पोलीस असतात, कुलूप लागलंय का बघायला आलेले. अंधारात बसलेल्या सहा वर्षांच्या पोराला हे आधी सांगितलेलं नसेल, तर सगळ्या ड्रिलमधला तो खडखडाटच लक्षात राहतो. चालताना दिवे लागणारे बूट त्या दिवशी घालू नका. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर वळल्या की पोर कानकोंडं होतं. नव्याने आलेल्या मुलाला होल्ड (वर्गातच थांबा), सिक्युअर (सगळे आत या, बाहेरची दारं बंद), लॉकडाउन (दार लावा, दिवे बंद, नजरेआड बसा), इव्हॅक्युएट (इमारतीबाहेर पडा), शेल्टर (सुरक्षित आसरा घ्या) हे पाच शब्द कानाने ओळखता यायला हवेत. ते इंग्रजीतच म्हणून दाखवा आणि प्रत्येकाला काय करायचं ते मराठीत समजवा.

मिडल स्कूल-हायस्कूलच्या मुलांना गुळगुळीत बोलणं कळतं. त्यांना कोलंबाइन, सँडी हुक, पार्कलँड इथल्या शाळांतले गोळीबार ठाऊक असतात. "असं कधीच होणार नाही" म्हणू नका. "आपल्या शाळेत होण्याची शक्यता फार कमी आहे, तरी तयारी ठेवतात" हे खरं आहे, आणि त्यांना ते पटतं.

संध्याकाळी "घाबरलास का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. त्याऐवजी "कुठे बसला होतास? शेजारी कोण होतं? टीचर काय म्हणाल्या?" असं विचारा, भीती असेल तर ती याच उत्तरांतून बाहेर येते. मोठ्यांनी स्वयंपाकघरात मराठीतून हळू आवाजात चर्चा केली तर मुलांना कळत नाही, हा गैरसमज आहे. इंग्रजीत उत्तर देणाऱ्या पोरांनाही सगळं मराठी कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे गोळीबाराचे व्हिडिओ दोन-तीन दिवस बंद.

एखाद्या रात्री झोप उडाली, पोट दुखलं, तर काळजीचं कारण नाही. सकाळी शाळेत जायला रडणं, मोठा आवाज झाला की दचकणं, बाथरूम टाळणं असं दोन आठवडे टिकलं, तर शाळेच्या काउन्सेलरशी बोला. महिना उलटला, तर मुलांच्या डॉक्टरांकडे जा. स्वतःला इजा करण्याची भाषा मुलाच्या तोंडी आली तर वाट पाहू नका. ९८८ हा अशा मानसिक संकटात मदत करणारा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो.

ऑटिझम, आधीचा आघात किंवा तीव्र चिंता असलेल्या मुलासाठी ५०४ प्लॅन किंवा आयईपीमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा काय सोय करणार याचा लेखी आराखडा) ड्रिलचा वेगळा उल्लेख करून घ्या: आदल्या दिवशी सूचना, टीचरच्या शेजारची जागा, कानावर लावायचे हेडफोन, हातात धरायला एखादी वस्तू. ड्रिलच्या दिवशी घरी ठेवणं मात्र अपुरं पडतं. काय करायचं ते मूल शिकत नाही आणि वर्गमित्रांकडून तिखटमीठ लावून ऐकतं. त्यापेक्षा काउन्सेलरच्या खोलीत तीच पावलं संथपणे करून घ्यायला सांगा.

खरोखरचं लॉकडाउन लागलं तर मुलाला मेसेज करू नका, फोन वाजतो आणि उजळतो. गाडी काढून शाळेकडेही धावू नका, पोलिसांचे रस्ते अडतात. मुलं कुठे सोपवणार ते शाळाच कळवते, आणि तिथे फोटो आयडी बघून, यादीत नाव असलेल्या माणसाकडेच मूल देतात. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांची नावं त्यासाठी आधीच इमर्जन्सी कार्डावर टाका आणि त्यांचे पासपोर्ट कुठे ठेवलेत ते त्यांना दाखवून ठेवा.