इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की "पिस्टनच्या रिंगा गेल्या, फुल इंजिन काम" असा निकाल गॅरेजच्या दारातच लागतो. पहिली चूक हीच. धूर कधी येतो ते पाहा. सकाळी गाडी सुरू केल्यावर चार-पाच सेकंद येऊन थांबतो, किंवा पावागड डोंगराच्या माचीवरून गिअरमध्ये उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर भपकन निघतो? मग संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत जाऊ न देणारी सील) घ्या. बऱ्याच इंजिनांत ती हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवता बदलतात. लोडवर सतत धूर आणि ऑइलचं झाकण काढल्यावर जोरात फुसकारे, ही रिंगांची खूण. पण पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढू देणारा) काजळीने तुंबला तरी इंजिन ऑइल पितं. शे-दोनशे रुपयांची ती वस्तू आधी तपासा.

कॉम्प्रेशन टेस्ट अर्धवट करणे

इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले, इंधन व इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 190 पीएसआय (दाबाचं एकक) मिळतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. सिलिंडरांमधला फरक 10-15 टक्क्यांवर गेला तर कमी सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. प्रेशर वाढलं तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), जागचं हललं नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग).

बडोद्यात इतक्या गाड्या सीएनजीवर धावतात, तरी एक गोष्ट हमखास विसरली जाते. सीएनजीत व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडी) लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) संपतो आणि व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. प्रेशर पडतं, दोष मात्र रिंगांना जातो. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) क्लिअरन्स मोजा. सीट फार बसली नसेल तर अ‍ॅडजस्ट करून भागतं, नाहीतर फक्त हेडचं काम. खालचं इंजिन उघडायची गरज नाही.

पाण्यात बुडालेली गाडी सेल मारून पाहणे

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात समा, फतेगंज, अकोट्यापर्यंत आलं, सोसायट्यांतल्या गाड्या बुडाल्या. अशा गाडीला सेल मारू नका. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वाकतो. प्लग काढा, क्रँक पुलीला पाना लावून हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या, ऑइल-फिल्टर बदला. नंतर एकाच सिलिंडरचं प्रेशर कमी आलं तर त्याचा पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वर आल्यावर) इतरांपेक्षा खाली राहतो का ते मोजा. राहत असेल तर रॉड वाकला आहे. एअर फिल्टरपलीकडे गाळ गेला असेल तर बोअर बघितल्याशिवाय गाडी चालवू नका.

नुसत्या रिंगा टाकणे

बोअर वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मोजा. लंबगोलपणा किंवा टेपर (वरच्या-खालच्या मापातला फरक) कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल (बहुतेक इंजिनांत 0.1 मिमीच्या आसपास) तर नव्या रिंगा काही हजार किलोमीटरांत पुन्हा ऑइल सोडतील. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याला हातात द्या. त्याने पिस्टन मोजून बोअर करायचा असतो, उलट नाही. बेअरिंग खाल्लेल्या इंजिनात ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून साफ न केल्यास तोच चुरा नवी बेअरिंग खातो. यील्ड पद्धतीचे (घट्ट करताना कायमचे ताणले जाणारे) हेड बोल्ट पुन्हा वापरू नका.

जुनं इंजिन डोळे झाकून बसवणे

ब्लॉक तडकला, किंवा क्रँक शेवटच्या अंडरसाइजच्या (घासून कमी करता येणाऱ्या मापाच्या) पलीकडे गेला, तरच बदलीचा विचार करा. बाहेरून आणलेल्या इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट घ्या, सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडून चुरा पाहा, इंजिन नंबर असलेलं पक्कं बिल घ्या. आरसीवर इंजिन नंबर असतो, म्हणून दरजीपुऱ्याच्या आरटीओत बदल नोंदवावा लागतो, नाहीतर विमा व विक्री दोन्हींत अडचण येते. आरसीची 15 वर्षं संपत आली असतील तर तिचं नूतनीकरण होईल का ते पाहूनच खर्चाचा हिशोब मांडा. आणि जुना, अर्धा तुंबलेला रेडिएटर नव्या इंजिनाला जोडू नका; मे महिन्यात इंजिन तापून सगळ्यात आधी हेडच जातं.