युद्धातल्या शहराला रेल्वेनं मदत जाते तेव्हा पेटी कशी भरावी

मदतीची पेटी भरायला बसण्याआधी एक प्रश्न विचारा: ही पेटी शेवटी कोण उतरवून घेणार आहे? मंडळाचा फलक, देणगीदारांची यादी, फोटो हे सगळं नंतरचं. युद्ध चालू असलेल्या शहरात पेटी बऱ्याचदा एखाद्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या हातात पडते. रात्रीची वेळ, डब्याचे दिवे मालवलेले, सायरन कधी वाजेल याचा नेम नाही. त्या माणसाचे हात डोळ्यांसमोर ठेवून पेटी भरायची, बाकी सगळे नियम त्यातूनच निघतात.

मी निवृत्त होईपर्यंत गोव्यातल्या मडगाव स्थानकावर पार्सलचं काम केलं. आता डिचोलीत देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, पोरं मदत गोळा करायला बसली की मला बोलावतात. पूर असो, दरड असो, मी जातो. 2022 साली युक्रेनवर हल्ला झाला तेव्हाही गेलो. आपले विद्यार्थी खारकीव, कीवमधून ज्या गाड्यांनी सरहद्दीकडे निघाले, त्या तिथल्याच रेल्वे कर्मचाऱ्यांनी चालवल्या होत्या. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी बोललं नाही, म्हणून मी प्रत्येक वेळी पोरांना सांगतो.

पहिली पायरी म्हणजे मागणी. कुणी काय मागितलं आहे, ते कागदावर हवं. ते नसेल तर वस्तू गोळाच करू नका, पैसे गोळा करा आणि रेड क्रॉस किंवा युनिसेफसारख्या तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेला द्या. गोव्यातून युरोपात तांदळाची गोण पाठवण्यात पुण्य नाही. वाहतुकीला जेवढे पैसे जातील तेवढ्यात युक्रेनच्या शेजारच्या पोलंडच्या बाजारात त्याहून जास्त धान्य मिळतं, आणि ते दुसऱ्या दिवशी गाडीत चढतं. लोकांना हे पटवणं जड जातं. घरातलं काहीतरी उचलून दिल्याचं समाधान वेगळं असतं, हे मला कळतं. तरीही ठामपणे सांगा. संस्थेनं यादी दिली, पलीकडे माल ताब्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता दिला आणि कस्टमचे कागद कोण करणार ते ठरलं, तरच पुढे सरका.

आता वजन. माझा नियम पंधरा किलोचा आहे, आणि त्याचं कारण रुळांत आहे. दोन रुळांमधलं अंतर बघा: आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची, पोलंडची लाइन 1435 ची, युक्रेनची 1520 ची. एका देशाचा डबा दुसऱ्या देशाच्या रुळांवर तसाच चालत नाही. सरहद्दीवर चाकांचे सांगाडे बदलावे लागतात, नाहीतर माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवावा लागतो. जुन्या गोवेकरांना हे नवीन नाही. नव्वदच्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत आपल्याकडे येणारी लाइन मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीची होती, आणि पुण्याकडून आलेला माल मिरजेला उतरवून पुन्हा चढवावा लागे. माझे वडील त्या यार्डात हमाली करायचे. ‘बांधणाऱ्यानं एकदा उचलून बघितलं असतं तर एवढी जड बांधली नसती,’ असं ते म्हणायचे. डिचोलीची पेटी टेम्पोत, गोदामात, विमानात किंवा जहाजात, पोलंडमध्ये ट्रकमध्ये, सरहद्दीवर डब्यात, पश्चिम युक्रेनमधल्या ल्वीव शहराच्या गोदामात, तिथून पूर्वेच्या गाडीत आणि शेवटी एखाद्या तळघरात जाते. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी वाकतं. म्हणून पंधरा किलो.

आकारही बघा. युक्रेनच्या गाड्या माणसांना पश्चिमेकडे सोडून रिकाम्या परतत नव्हत्या. प्रवासी डब्यांच्या कंपार्टमेंटमध्ये, बर्थवर, जमिनीवर मदतीचे खोके रचून त्या पूर्वेकडे जायच्या. म्हणजे खोका मालडब्याच्या रुंद दारातून नव्हे, तर प्रवासी डब्याच्या अरुंद दारातून आणि त्याहून अरुंद बोळातून आत जातो. तिथे अनेक फलाट खालच्या पातळीवर असतात, त्यामुळे डब्यातला माणूस खोका छातीपाशी धरून खाली देतो आणि खालचा वर हात करून घेतो. डबा सांभाळणाऱ्या बऱ्याच जणी बायका असतात, आणि त्याही या रांगेत उभ्या राहतात. दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढाच खोका घ्या. टीव्हीचा, फ्रिजचा खोका कितीही मजबूत असला तरी नको.

भरायची रीत अशी. दुपदरी पुठ्ठ्याचा कोरा खोका घ्या. तळाची मधली फट रुंद टेपनं लांबीनं बंद करा, टेप दोन्ही बाजूंना वीतभर वर न्या, मग दोन्ही आडव्या कडांवर एकेक पट्टी मारा. आत जाड प्लास्टिकची पिशवी पसरा. आपल्याकडे पावसाळ्यात नुसता पुठ्ठा अग्रशाळेतच मऊ पडतो. शिवाय वाटेत शेजारी कोण बसेल सांगता येत नाही. मडगावला बर्फातल्या मासळीच्या पेट्यांचं पाणी शेजारच्या पार्सलात मुरलेलं मी कितीदा पाहिलं आहे. जड वस्तू तळाशी, हलक्या वर, कोपरे आधी भरायचे. वर बोटभरही पोकळी राहू देऊ नका, कारण खोक्यावर खोका चढला की पोकळ खोका बसतो आणि त्याच्याबरोबर अख्खी थप्पी कलते. पिशवीचं तोंड पिळून बांधा, झाकण लावा आणि खोका कानाशी धरून हलवा. आवाज आला तर पुन्हा उघडा. शेवटी कंबरेएवढ्या उंचीवरून गोणपाटावर सोडून बघा. इथे फुटला तर इथेच दुरुस्त होतो.

एका खोक्यात एकच प्रकार. साबण तर साबणच, लहान मुलांचं अन्न तर तेवढंच. साबण, मोजे, बिस्किटं एकत्र घातली की पलीकडे कुणाला तरी प्रत्येक खोका उघडून निवडत बसावं लागतं, आणि ती निवड बॉम्ब पडणाऱ्या शहरात करायची वेळ येते. संस्थेनं कुटुंबामागे एक संच अशी मागणी केली असेल तर गोष्ट वेगळी, मग सगळे संच तंतोतंत सारखे हवेत.

बाहेर काय लिहायचं? आतली वस्तू, नग, वजन, मुदत संपण्याची तारीख, आणि एकूण किती खोक्यांपैकी हा कितवा. वस्तूचं नाव इंग्रजीत आणि युक्रेनियनमध्ये. युक्रेनियन शब्द संस्थेकडून लिहून घ्या, अंदाजानं उतरवू नका. वस्तूचं साधं चित्र मोठ्या आकारात काढा, टॉर्चच्या उजेडात अक्षरांआधी चित्र ओळखू येतं. हे सगळं वरच्या झाकणावर नको. थप्पीत झाकण दिसत नाही, म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंवर लिहा. देणगीदारांची नावं आणि मंडळाचा लोगो खोक्यावर मुळीच नको. ती जागा कामाच्या माहितीची आहे.

काय घालू नये, ते थोडक्यात. वापरलेले कपडे नकोत. काडेपेट्या, गॅसच्या नळकांड्या, रॉकेल, ॲसिड नको. पॉवर बँक मागितली असेल तर आधी विमान कंपनीचे नियम विचारा. घरातली उरलेली औषधं तर अजिबात नकोत. दान केलेलं औषध पलीकडे पोचल्यावर किमान वर्षभर टिकलं पाहिजे, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. अर्धी पट्टी कुणाच्या उपयोगाची नाही.

आमची पोरं कंटाळली, टेप तिरकी लागायला लागली की मी हात थांबवायला सांगतो आणि तिथल्या कर्मचाऱ्यांविषयी बोलतो. उक्रझालिझ्नित्सिया हे त्यांच्या रेल्वेचं नाव, 2022 साली दोन लाखांहून जास्त कर्मचारी होते. 8 एप्रिल 2022 रोजी पूर्व युक्रेनमधल्या क्रामातोर्स्कच्या स्थानकावर, गाडीची वाट बघणाऱ्या लोकांवर क्षेपणास्त्र पडलं, पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतरही आसपासच्या स्थानकांवरून गाड्या सुटत राहिल्या. वीजउपकेंद्रांवर हल्ले झाले तेव्हा डिझेलची इंजिनं जोडली. 11 नोव्हेंबर 2022 रोजी खेरसोन शहर रशियाच्या ताब्यातून मुक्त झालं आणि 19 तारखेला कीवहून पहिली गाडी तिथे पोचली. त्या आठवड्यात किती रूळ तपासले असतील, किती सुरुंग शोधले असतील, हे रुळांवर काम केलेल्या माणसालाच उमगेल. शेकडो रेल्वे कर्मचारी या युद्धात मारले गेले.

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) जर्मन फौजांनी घातलेला वेढा जानेवारी 1943 मध्ये थोडा फुटला, तेव्हा लाडोगा तळ्याच्या काठानं सतरा दिवसांत नवी लाइन टाकली गेली. 7 फेब्रुवारीला पहिली गाडी शहरात आली. शत्रूच्या तोफा टेकड्यांवरून थेट मारा करत होत्या, म्हणून गाड्या रात्री, दिवे न लावता जायच्या. कर्मचारी त्या पट्ट्याला मृत्यूचा बोळ म्हणत. उपाशी शहराला अन्न त्या बोळातून मिळालं. एवढं सांगून झालं की पोरं पुन्हा टेप हातात घेतात, आणि यावेळी सरळ लावतात.

राहिली कागदपत्रं. प्रत्येक खोक्याची यादी चार प्रतींत करा: एक आत सगळ्यात वर, एक बाहेर प्लास्टिकच्या पाकिटात चिकटवलेली, एक मालाबरोबर जाणाऱ्याकडे, एक तुमच्याकडे. मुंबईपर्यंत रेल्वेनं पाठवत असाल तर पार्सल ऑफिसात गाडीच्या बऱ्याच आधी पोचा, प्रत्येक नगावर पाठवणाऱ्याचं व घेणाऱ्याचं नाव आणि दोन्ही स्थानकं लिहिलेली असू द्या, आणि वजन तुमच्यासमोर करून घ्या. पावती मिळाली की तिचा फोटो घेणाऱ्याला लगेच पाठवा. मूळ पावतीशिवाय माल सोडवायला तिथे तासन्‌तास जातात, म्हणून ती कुणाच्या हातून जाणार हे आदल्या दिवशीच ठरवा. आणि यादीत नसलेलं जे सामान अग्रशाळेत उरेल, ते पुढच्या वेळेसाठी साठवू नका. त्याच आठवड्यात जवळच्या वृद्धाश्रमात विचारा, त्यांना हवं असेल तेवढं द्या, बाकीचं ज्याचं त्याला परत करा.