पोवाडा रचायचाय? आधी प्रसंग एकच धरा

शाहीर अज्ञानदासाने अफजलखानाचा वध गायला, शाहीर तुळशीदासाने तानाजीचा सिंहगड. दोघांनीही एकेक प्रसंग उचलला. जन्मापासून राज्याभिषेकापर्यंत सगळे दहा मिनिटांत कोंबले, की हाती नुसती सनावळी उरते आणि ऐकणारे चुळबुळू लागतात.

निवडलेल्या प्रसंगाचे चार-पाच चौक, म्हणजे भाग, पाडा. दोन-तीन ओळींचे नमन झाले की पहिल्याच चौकात पेच मांडा: कोण चालून आले, काय मागतो आहे, हाताशी वेळ किती. वाटा, घाट, हत्यारे, माणसे नावानिशी येऊ द्या. मग 'शूर', 'महान', 'पराक्रमी' ही विशेषणे खोडून तिथे क्रियापदे घाला. 'तानाजी शूर होता' या ओळीवर डफ नुसता वाजत राहतो; 'ढाल तुटली, शेला गुंडाळला हाताला' म्हटले की थाप आपोआप जोरात पडते.

ओळ आठ मात्रांच्या ठेक्यात बसवा. अक्षरे कमीजास्त झाली तरी चालते, स्वर ताणून भरून काढता येतो. महत्त्वाचा शब्द मात्र समेवरच, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवरच, यायला हवा. म्हणून कागदावर अक्षरे मोजत बसू नका, टाळी देत मोठ्याने म्हणून पाहा. दोन-तीन ओळींना एक यमक पुरे. कडव्याची शेवटची ओळ आखूड ठेवा, म्हणजे मागून साथ गाणाऱ्या झीलकऱ्यांना 'जी जी रं जी' ही झील उचलायला जागा मिळते. शाहिराचा श्वास या झिलीवर चालतो. तेवढ्यातच तो पुढची ओळही मनात आणतो. झील तोडली तर तिसऱ्या चौकातच दम लागतो.

तारखा आणि नातीगोती दोन चौकांमधल्या गद्यात सांगा, चार वाक्यांत. जलद लय लढाईच्या चौकासाठी राखून ठेवा. सुरुवातच दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, केली तर पुढे चढायला काही उरत नाही.

साथीला डफ, तुणतुणे, झांज आणि दोन झीलकरी. तुणतुण्याची तार गाणाऱ्याच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला, लावा. दमट हवेत डफाचे कातडे सैलावते, आवाज बद्द येतो. गाण्याआधी शेकून घ्या, पण आचेपासून हातभर लांब धरून, नाहीतर कातडे तडकते. माइकसमोर डफ धरू नका, शब्द बुडतात.

शेवटच्या चौकात रचणाऱ्याचे नाव गुंफण्याची रीत आहे. जोतीराव फुल्यांनीही १८६९च्या पोवाड्यात आपले नाव गुंफले आहे. नाव ठेक्यात बसत नसेल तर गावाचे नाव जोडा.