कोकणात परतून आरोग्यक्षेत्रात हलकं काम शोधताय? या चुका टाळा

मुंबईच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं नाइट काढलेली स्टाफ नर्स असो, नाहीतर लोकलच्या प्रवासाला कंटाळलेला चाकरमानी. गावी परतायचं ठरलं की प्रश्न एकच येतो. "दवाखान्याच्या लाइनमधलं, पण जरा कमी धावपळीचं काय करता येईल?" प्रश्न रास्त आहे. कुणाची कंबर गेलेली असते, कुणाचे सासू-सासरे थकलेले असतात. अशा वेळी हलकं काम मागण्यात काही कमीपणा नाही. पण उत्तर घाईत निवडलं तर दोन वर्षं आणि साठवलेला पैसा दोन्ही जातात. मी सिंधुदुर्गात लॅबमध्ये काम करते, आणि चौकशीला येणाऱ्यांच्या बोलण्यात मला याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पदाचं नाव ऐकून काम हलकं ठरवणं

"लॅबमध्ये काय, बसून काम." हे मी सर्वांत जास्त ऐकते. बसून काम असतं, पण ते दुपारनंतर. उपाशीपोटीचे नमुने सकाळी सातलाच घ्यावे लागतात, म्हणजे तुम्ही साडेसहाला दारात हव्यात. मुलाचा डबा आणि शाळेची रिक्षा नेमकी त्याच वेळेला असते.

आणि कोकणातली लॅब पावसाळ्यात उसंत देत नाही. लावणीला माणसं चिखलात उतरली की लेप्टोचे (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचे) संशयित रुग्ण येऊ लागतात, जोडीला डेंग्यू आणि मलेरिया असतोच. दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये जंगलातल्या गोचिडीतून होणारा माकडताप आला. तेव्हापासून त्या पट्ट्यात काजूच्या हंगामातला तापसुद्धा कुणी सहज घेत नाही.

काम किती बारकाईचं आहे ते एका ट्यूबवरून सांगते. रक्तपेशी मोजायला जांभळ्या झाकणाची ट्यूब वापरतात. रक्त घेतल्यावर ती आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करायची असते. गर्दीत ते राहून गेलं तर आत बारीक गुठळी धरते आणि प्लेटलेट आहेत त्यापेक्षा कमी दिसतात. डेंग्यूच्या दिवसांत असा आकडा हातात पडला की घरचे लोक रातोरात गाडी करून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे निघतात. साखरेच्या नमुन्याला राखाडी झाकणाची ट्यूब लागते. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि रिपोर्टमध्ये ती कमी दिसते. गावातल्या कलेक्शन सेंटरवरून तालुक्याला नमुना पाठवताना हे सगळं सांभाळावं लागतं. अंगमेहनत कमी आहे हे खरं, पण लक्ष क्षणभरही ढळू देता येत नाही.

म्हणून नाव ऐकून ठरवू नका. तुम्हाला नेमकं काय नको आहे ते आधी लिहून काढा: नाइट, उभं राहणं, रुग्ण उचलणं, मृत्यू बघणं, की वरिष्ठांचा जाच? कंबर दुखते त्याला लॅब किंवा औषधाचं दुकान चालेल. ज्याला माणसांच्या वेदनेनं थकवा आलाय त्यानं डायलिसिसकडे जाताना दहा वेळा विचार करावा. तिथं तेच रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास तुमच्यासमोर असतात, आणि त्यांच्याशी जीव जडतो. एएनएमचं, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्यसेविकेचं, काम म्हणजे उपकेंद्रातली खुर्ची असंही कुणी समजू नये. आपल्याकडच्या विखुरलेल्या वाड्यांत लसीकरणाची पेटी घेऊन घाटी चढायची असते.

निर्णयाआधी ज्या कामाचा विचार आहे तिथं परवानगी काढून चार-पाच दिवस नुसतं बसून बघा, आणि ते जुलैत बघा.

जाहिरात वाचून फी भरणं

यात लोक सर्वांत जास्त पोळतात. तालुक्याच्या नाक्यावर "सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, नोकरीची हमी" असा फलक असतो. फी सोसवणारी असते आणि घरापासून एसटीनं जाता येतं. पुढे नोकरीला गेल्यावर कळतं की त्या कागदावर नोंदणीच होत नाही.

परावैद्यक आणि आरोग्यसेवेतल्या व्यवसायांसाठी 2021 मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात पदविका किमान 2000 तासांची आणि निदान दोन वर्षांची हवी, असं धरलं आहे. कायद्यातल्या 'हेल्थकेअर प्रोफेशनल' गटाच्या पदवीसाठी हाच आकडा किमान 3600 तास आणि तीन वर्षं आहे. सहा महिन्यांच्या कोर्सचा हिशेब यात कुठे बसतो ते तुम्हीच पाहा. प्रवेशाआधी संस्थेला लेखी विचारा: परीक्षा कोण घेणार, प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं, त्यावर महाराष्ट्रातल्या परिषदेत नोंदणी होते का, आणि प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात? मग त्याच संस्थेतून बाहेर पडलेल्या दोन मुलांना गाठा आणि त्यांचा नोंदणी क्रमांक बघायला मागा. क्रमांक दाखवता येत नसेल तर तिथं पैसे भरू नका.

लॅब टाकून मोकळं व्हायचं स्वप्न असेल तर आणखी एक. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये उचलून धरलं. म्हणून पॅथॉलॉजिस्टला बाजूला ठेवून स्वतःच्या लॅबचं गणित मांडू नका.

बारावीची शाखा न पाहता फार्मसी ठरवणं

डी.फार्म.ला बारावी सायन्स लागतं. फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स. कॉमर्सवाल्याला "आपण करू अॅडजस्ट" म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा. कोर्स दोन वर्षांचा, वर 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि त्यानंतर राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी.

दुकानातला ताण वेगळाच. रात्री नऊला ओळखीचा माणूस येतो. "डॉक्टर नाहीत, पोर तापानं फणफणलंय, तूच दे काहीतरी." गाव लहान, नाही म्हणणं जड जातं. पण एच-1 यादीतली (कायद्यानं जास्त कडक नियम लावलेल्या औषधांची यादी) अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. "नाही" म्हणायची तयारी नसेल तर हे काम तुम्हाला हलकं जाणार नाही.

आपलं सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानाला लावून घरी बसू नका. तिथं चुकीचं औषध गेलं तर जबाबदार तुम्हीच धरले जाता, आणि त्याहून वाईट म्हणजे कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

थकलो म्हणून नर्सिंगच सोडणं

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक. तीन-चार वर्षं शिकून मिळवलेली पात्रता बाजूला टाकून लोक पुन्हा पहिलीपासून सुरुवात करतात. बहुतेकांना व्यवसाय नको नसतो, वॉर्ड नको असतो. आधी विभाग बदलून पाहा: बाह्यरुग्ण विभाग, डोळ्यांचं रुग्णालय, रक्तपेढी, संसर्ग नियंत्रण, नर्सिंग कॉलेजात शिकवणं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात कागदपत्रं आणि मंजुरीचं काम समजणाऱ्या नर्सची किंमत मोठी असते. समुदाय आरोग्य अधिकारी हे पद घराजवळ मिळू शकतं, पण ते कंत्राटी आहे आणि ऑनलाइन नोंदींचं ओझं रोजचं आहे.

सिंधुदुर्गात आणि अलिबागला 2021 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, रत्नागिरीतही झालंय, डेरवणचं रुग्णालय त्याआधीपासून आहे. त्यामुळे "गावी काय मिळणार" हा जुना समज धरून बसू नका. काहीही करा, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र चालू ठेवा.

घरबसल्या मेडिकल कोडिंग

कोडिंग म्हणजे रुग्णाचा आजार आणि उपचार विम्याच्या दाव्यासाठी ठरावीक संकेतांकांत लिहिणं. इंग्रजी आणि शरीरशास्त्र पक्कं असेल तर काम चांगलं आहे. पण बराचसा धंदा अमेरिकेतल्या विमा दाव्यांवर चालतो, तेव्हा शिफ्ट कोणती हे करारात पाहा. आणि विजेचं बोला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट नसेल तर पावसाळ्यात कामाचा कोटा भरणं अशक्य होईल.

आधीच अडकला असाल तर

बिनमान्यतेच्या कोर्सला निम्मी फी भरली असेल तर उरलेला हप्ता थांबवा आणि मान्यतेचं पत्र लेखी मागा. तोंडी आश्वासन धरू नका. पावत्या, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज जपून ठेवा. परतावा मिळाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात हेच उपयोगी पडतात. नवीन नोकरी जुन्याइतकीच जड निघाली तर तडकाफडकी राजीनामा देऊ नका. आधी शिफ्ट बदलण्याचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या, महिनाभर वाट बघा. नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलं असेल तर परिषदेकडे आजच चौकशी करा, कारण उशीर होईल तसे कागद वाढत जातात. आणि नवीन ठिकाणी रुजू होताना मूळ गुणपत्रिका नि नोंदणी प्रमाणपत्र ठेवून घेऊ देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून तिथल्या तिथे परत घ्या.