गिअरबॉक्सचं व्हायब्रेशन घेताना या चुका टाळा

गिअरचे दात मोजल्याशिवाय मी स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन आहे तो आलेख, उघडतच नाही. दातांची संख्या गुणिले शाफ्टच्या सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या म्हणजे गिअर मेश फ्रिक्वेन्सी, दात एकमेकांत बसण्याचा वेग. ती हाताशी नसेल तर पडद्यावरच्या रेघा नुसत्या रेघाच राहतात. ड्रॉइंग सापडत नाही म्हणून अंदाजाने आकडा टाकणाऱ्यांचा मला राग येतो. स्टोअरमध्ये स्पेअर गिअर पडलेला असतो. जा आणि मोजा.

पण सगळ्यात महागात पडते ती रिझोल्युशनची, म्हणजे स्पेक्ट्रम किती बारीक भागांत (लाइन्समध्ये) मोजायचा त्याची, घाई. ऐन गळीत हंगामात एका साखर कारखान्यातून फोन आला. ऊस कॅरिअरच्या गिअरबॉक्सचा पिनियन (मोटरकडचा छोटा गिअर) दोन दिवसांपूर्वीच बदलला होता, तरी ठोका तसाच. मोटर १४८० आरपीएम, पिनियनला २३ दात, समोरच्या गिअरला ९१. म्हणजे मेश फ्रिक्वेन्सी साधारण ५६७ हर्ट्झ. आधीच्या मुलाने २००० हर्ट्झपर्यंतचं रीडिंग ४०० लाइन्सवर घेतलं होतं, म्हणजे दर ५ हर्ट्झला एक रेघ. ५६७ पाशी एक जाड उंचवटा दिसला आणि त्याने पिनियनवर बोट ठेवलं.

मी तिथेच ३२०० लाइन्स लावल्या. रीडिंगला ०.२ सेकंदाऐवजी १.६ सेकंद लागले, एवढाच काय तो जास्तीचा वेळ. उंचवटा फुटला आणि दोन्ही बाजूंना ६.२ हर्ट्झच्या अंतराने साइडबँड, म्हणजे मुख्य रेघेशेजारच्या छोट्या रेघा, उभे राहिले. त्यांच्यातलं अंतर खराब गिअरच्या शाफ्टचा वेग सांगतं. पिनियन खराब असता तर हे अंतर २४.७ आलं असतं. ६.२ म्हणजे मधला शाफ्ट, म्हणजे ९१ दातांचा गिअर. टाइम वेव्हफॉर्ममध्ये (वेळेनुसार कंपनाचा आलेख) दर ०.१६ सेकंदाला एक ठोका स्वच्छ दिसत होता. इन्स्पेक्शन कव्हर काढून, बॅटरी धरून गिअर हाताने फिरवला. एका दाताचा कोपरा नखाएवढा उडालेला. नवा पिनियन दोन दिवस त्याच दातावर आपटत होता. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती.

म्हणून वेव्हफॉर्म न बघता अहवाल लिहू नका. तुटलेला एकच दात स्पेक्ट्रममध्ये सहज लपतो.

मेश फ्रिक्वेन्सीची रेघ उंच दिसली की गिअर गेला, असंही नसतं. लोड वाढला की ती वाढतेच. आजूबाजूचे साइडबँड वाढलेत का, ते बघा. आणि लोडशिवाय घेतलेलं रीडिंग लोडवरच्या रीडिंगशी ताडून बघू नका.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर नेमप्लेटवरच्या वेगावर विसंबू नका, टॅकोमीटर लावून वेग मोजा.

रंगाच्या पापुद्र्यावर सेन्सरचा मॅग्नेट चिकटवू नका. जागा घासून घ्या, पंचने खूण करा आणि दर वेळी तिथेच लावा.

दोषाचं नाव आपोआप सांगणारं सॉफ्टवेअर मीही वापरतो, पण सगळ्यात शेवटी. नवी मुलं आधी तेच उघडतात आणि लाल अक्षरं दिसली की स्पॅनर उचलतात. त्याआधी ड्रेन प्लगचा मॅग्नेट काढून पुसून बघा. दात झडत असेल तर त्याचे कण तिथे बोटाला लागतात.